मत नसताना मतं मागणारी सुजाता

सुजाता,

तू गेलीस त्या आठवड्यात आपल्या वाटणीच्या रस्त्याची एकच बाजू झाली होती. डाव्या हाताची घरं आपण रविवारी संपवली. उजव्या हाताची पुढच्या रविवारी करू असं तूच ठरवलंस, कारण तुझं डोकं दुखत होतं. एरवी प्रचाराची फेरी झाली की आपण कॉफी प्यायला थांबायचो. त्या दिवशी नको म्हणालीस. तुझ्या घरापाशी मी गाडी थांबवली, तू उतरलीस, उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा सीटवर तसाच ठेवलास आणि म्हणालीस, “तुझ्याकडेच राहू दे, माझ्या घरी हरवतात.”

तू माझ्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य. लोक जाताना काहीतरी लक्षात ठेवण्यासारखं बोलून जातात म्हणे. तू पत्रकांबद्दल बोललीस.

मंगळवारी ऑफिसमध्ये तू चक्कर येऊन पडलीस. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा तू होतीस, पण ऐकण्याबोलण्यापलीकडे गेली होतीस. आणि पुढच्या रविवारी, ज्या वेळी आपण उजव्या हाताची दारं वाजवणार होतो त्याच वेळी, मी पांढरा कुडता घालून फ्युनरल होममध्ये बसले होते आणि भन्ते पाली गाथा म्हणत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. शेजारी आपली स्विमिंगची टीचर कॅरल बसली होती, तिलाही कळत नव्हतं. आम्ही एकमेकींचा हात धरून बसलो होतो.

मग लोक तुझ्याबद्दल बोलले. तुझ्या मॅनेजरनं तू किती डिपेंडेबल होतीस ते सांगितलं. कोणी तुझ्या जिद्दीबद्दल बोललं, कोणी तुझ्या कोथिंबिरीच्या सांबारवडीबद्दल. मला बोलायला बोलावलं नाही आणि ते बरंच झालं. मला एकच गोष्ट सांगावीशी वाटत होती आणि ती तिथे शोभली नसती. ती म्हणजे, आपली ओळख झाली तेव्हा आपण दोघी बुडत होतो.

छातीइतक्या पाण्यात बुडत होतो, हे त्यातलं लाजिरवाणं. मोठ्या माणसांसाठी नवशिक्यांचा वर्ग होता. कॅरलनं तुझ्या पाठीखालचा हात काढला आणि तू “अगं आई गं” म्हणून ओरडलीस. कडेची दांडी घट्ट धरून उभी असलेली मी ते ऐकून इतकी चमकले, की माझाही हात सुटला. नाकातोंडात पाणी गेलं. वर आल्यावर मी मराठीतच विचारलं, “तुम्ही कुठल्या?” तू खोकत खोकत म्हणालीस, “नागपूर. तुम्ही पुण्याच्या दिसता.” मी कशावरून म्हटलं, तर म्हणालीस, “बुडताना पण ‘तुम्ही’ म्हणून राहिल्या.”

तुला गुडघ्यांसाठी डॉक्टरनं पाण्यात व्यायाम करायला सांगितलं होतं. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. माझा मुलगा टेक्ससला नोकरीला गेला होता, घटस्फोट जुना झाला होता, आणि शनिवारी सकाळी घरात फ्रिजचा आवाज ऐकू यायचा म्हणून मी नाव घातलं होतं. हे मी तुला पुष्कळ उशिरा सांगितलं. तू हसली नाहीस. एवढंच म्हणालीस, की मग आता शनिवार तुझा-माझा.

आपलं शहर बेलव्ह्यूला लागूनच, पण भारतात कोणाला नाव कळत नाही म्हणून आपण बेलव्ह्यूच सांगायचो. आणि बेलव्ह्यू म्हटलं की लोकांना काचेच्या इमारती दिसतात. आपला तो पोहायचा पूल मात्र बुटका, जुना, शेवाळी रंगाच्या फरशीचा. छताखाली दोन ठिकाणी बादल्या ठेवलेल्या असायच्या. पण पाणी गरम असायचं आणि तिकीट स्वस्त. चिनी आज्या पाण्यातून गप्पा मारत चालायच्या. सोमाली बायका पायापर्यंतचे स्विमसूट घालून मुलींना शिकवायच्या. एका माणसाला खुर्चीत बसवून यंत्रानं हळूहळू पाण्यात सोडायचे आणि पाण्यात उतरला की तो आपल्यापेक्षा छान पोहायचा. माझ्या ऑफिसात किंवा माझ्या गल्लीत इतकी वेगवेगळी माणसं एका जागी मी कधी पाहिली नव्हती.

मग एके दिवशी दारावर नोटीस लागली. बॉयलर संपत आलाय, छत धोक्याचं होत चाललंय, दुरुस्तीला शहराकडे पैसे नाहीत. कर्ज काढावं लागेल आणि ते घरमालकांच्या टॅक्समधून फेडावं लागेल, तर शहरानं तसं करावं का, हा प्रश्न निवडणुकीत लोकांना विचारला जाणार होता. हो म्हणाले तर पूल राहणार, नाही म्हणाले तर बंद. आणि कर्जाचा प्रश्न असल्यामुळे निम्म्याहून जास्त मतं मिळून भागणार नव्हतं, शंभरातल्या साठ जणांनी हो म्हणायला हवं होतं.

कॅरलनं आपल्या डायनिंग टेबलावरून प्रचार सुरू केला आणि पहिल्याच मीटिंगला तू मला ओढून नेलंस. तू नागपूरला फोनवर आईला सांगितलंस, की आम्ही इथे पुलासाठी लढतो आहोत. त्यांना वाटलं तू नदीवरच्या पुलासाठी भांडते आहेस. पुढे कितीतरी दिवस त्या विचारत होत्या, की झाला का गं तुमचा पूल, मग इतके दिवस पलीकडे कसे जाता. तू त्यांचा गैरसमज दूर केला नाहीस. “पुलासाठी भांडणारी मुलगी जास्त चांगली वाटते,” म्हणालीस.

त्या मीटिंगमध्ये कॅरलनं विचारलं, की तुमच्यातले मतदार कोण कोण. मी हात वर केला. तू केला नाहीस. मला तोवर माहीत असून कधी लक्षातच आलं नव्हतं. मी तुझ्याआधी काही वर्षं या देशात आले, तेव्हा ग्रीन कार्डची रांग छोटी होती, एवढाच आपल्यातला फरक. मी नागरिक झाले. तू इथे घर घेतलंस, तुझी यशोधरा इथे जन्मली, तिची शाळा संपत आली, आणि तू अजून रांगेतच होतीस. दर महिन्याला त्या रांगेची तारीख बघायचीस आणि फोन बाजूला ठेवून कणीक मळायला लागायचीस.

मी तुला गाडीत विचारलं होतं, की तुला मतच नाही तर तू दारोदार कशाला फिरणार. तू म्हणालीस, “मला एक मत असतं तर मी एक दिलं असतं. नाही ना. मग मागून आणते.”

ही आपली पहिली वादावादी, आणि ती कधीच मिटली नाही. माझं म्हणणं, तू स्वतःला दमवते आहेस. तुझं म्हणणं, मी पुण्याची असल्यामुळे मला कोणाच्या दारात जायची लाज वाटते. दोन्ही खरं होतं. मी दारापाशी पत्रकं धरून उभी राहायचे आणि बोलायचीस तू. तुझं इंग्रजी नागपूरच्या वळणाचं होतं आणि तू ते बदलायचा प्रयत्न केला नाहीस. लोक आधी आपल्याकडे बघून म्हणायचे, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही. तू म्हणायचीस, आम्ही विकत नाही, मागतोय. बरीच दारं उघडायचीच नाहीत, फक्त घंटीवरच्या कॅमेऱ्यातून आवाज यायचा. तेव्हा तू त्या कॅमेऱ्यासमोर नीट उभी राहायचीस, ओढणी सारखी करायचीस आणि सगळं बोलणं त्याला ऐकवायचीस. आतला माणूस ऑफिसात असेल, विमानतळावर असेल, तू त्याला बॉयलर समजावून सांगायचीस. आता मला वाटतं, या शहरातल्या कितीतरी घंट्यांमध्ये तू असशील. पण ते चित्रीकरण आपोआप पुसलं जातं. आत्तापर्यंत सगळीकडचं पुसलं गेलं असेल.

हॅन्सन आजोबा तुला आठवतात का, असं विचारणार होते, पण तुला ते कसे विसरता येतील. कोपऱ्यावरचं हिरवं घर, एकटेच राहणारे, निवृत्त सुतार. त्यांनी दार उघडलं, तुझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तू इथली मतदार आहेस का. तू नाही म्हणालीस. मग तुला माझा टॅक्स वाढवायला सांगायचा काय अधिकार, असं ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी, पण मला तिथून निघावंसं वाटलं. तू हललीसुद्धा नाहीस.

“टॅक्स मीही भरते,” तू म्हणालीस. “मत फक्त तुम्हाला आहे. म्हणून तुमच्याकडे आले.”

मग त्यांनी आपली बाजू सांगितली. त्यांचं उत्पन्न ठरलेलं, घराची किंमत मात्र आपल्यासारख्या कंप्यूटरवाल्यांमुळे वाढत चाललेली, आणि दरवर्षी कोणीतरी चांगल्या कामासाठी थोडासाच टॅक्स मागायला येतं. असे सगळे थोडे थोडे मिळून एक दिवस आपल्याला हे घर सोडावं लागेल. एरवी सगळ्यांना मध्येच तोडणारी तू, ते पुरं ऐकून घेतलंस. गाडीत बसल्यावर म्हणालीस, त्यांचं चूक नाहीये. मी म्हटलं, मग आपण चूक आहोत का? तू म्हणालीस, आपणही नाही.

आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तू पुलाबद्दल लिहिलंस तेव्हा काय झालं तेही मी विसरले नाही. एका गृहस्थांनी लिहिलं, की आपण इथे पाहुणे आहोत आणि पाहुण्यांनी घरातल्या गोष्टींत पडू नये. वर हात जोडलेलं चित्र. त्यावर पुष्कळांनी अंगठे उमटवले. तू फक्त एवढंच लिहिलंस, “इतकी वर्षं कोण पाहुणा राहतो?” मग ग्रुपवर कोणीतरी दिवाळीच्या फराळाचा विषय काढला.

त्या नोव्हेंबरच्या निवडणुकीची मतपत्रिका टपालानं घरी आली तेव्हा तू माझ्याकडे मुद्दाम चहाला आलीस. तुला ती बघायची होती. दोन्ही बाजूंनी बघितलीस, कागद जाड आहे म्हणालीस. मी पेन हातात घेतलं तशी तू खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसलीस. मी म्हटलं, अगं, मी कशाला मत देणार ते तुला माहीत नाही का? तर म्हणालीस, गुप्त मतदान असतं, नियम म्हणजे नियम. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून तू चहा पीत होतीस आणि मी गोल भरत होते.

आपण हरलो. निम्म्याहून पुष्कळ जास्त लोकांनी हो म्हटलं होतं, पण साठला पोचलो नाही. जास्त लोक आपल्या बाजूनं असून आपण हरलो, हे तुला कितीतरी दिवस गिळता आलं नाही. शहरानं तात्पुरती डागडुजी करून पूल आणखी वर्षभर चालवायचं आणि पुन्हा एकदा मत घ्यायचं ठरवलं.

त्याच सुमाराला मी ती गोष्ट बोलले. आपण कपडे बदलायच्या खोलीत केस पुसत होतो. मी म्हटलं, या वेळी कौन्सिलपुढे तू तुमची गोष्ट सांग. सार्वजनिक पाणी, तुमच्या लोकांना ते नाकारलं होतं, तळ्यावर जाऊन त्यांनी ते ओंजळीनं प्यायलं, हे सगळं सांग. इथल्या लोकांना ते पटकन समजेल. मला वाटलं होतं मी फार समजूतदारपणे बोलते आहे.

तू टॉवेल खाली ठेवलास. म्हणालीस, “वैशाली, प्रत्येक गोष्टीत तुला तेच काहून दिसते? माझे गुडघे दुखतात म्हणून मला पूल पाहिजे.” मग तू आणखी म्हणालीस, “आधी मी माझं दुःख सांगायचं, मग त्यांना वाईट वाटणार, मग ते मत देणार. मला कीव नको आहे. मला साठ टक्के पाहिजेत.”

पुढच्या शनिवारी तू नेहमीसारखी आलीस, डब्यात माझ्यासाठी पाटवडी घेऊन. त्या विषयावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. फक्त एकदा, उन्हाळ्यात, तू पाठीवर तरंगत होतीस. तुला तेवढं एकच धड जमायचं. मी शेजारी उभी होते. कान पाण्यात असल्यामुळे तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नसावा, कारण तू फार मोठ्यानं म्हणालीस, “बाबांना दाखवायला पाहिजे होतं.”

तुझे बाबा शाळामास्तर होते, तुझं लग्न व्हायच्या आधीच गेले, एवढं मला माहीत होतं. काय दाखवायला पाहिजे होतं ते मी विचारलं नाही. तुझं तरंगणं, की तो पूल, की ते पाणी. विचारलं असतं तर तू पुन्हा गुडघ्यांवर आली असतीस. न विचारल्यामुळे ते आता माझ्याकडे असंच राहिलं आहे.

दुसऱ्या प्रचाराला तू पहिल्यापेक्षा शांत होतीस. लोकांचं जास्त ऐकायचीस. हॅन्सन आजोबांकडे तू पुन्हा गेलीस, मी नको म्हणत असताना. या खेपेला त्यांनी तुला पायरीवर बसायला जागा दिली आणि तुम्ही दोघं छतावरून भांडलात. ते म्हणत होते, एवढा खर्च येतच नाही, मी आयुष्यभर छतं बांधली आहेत. तू म्हणालीस, मग येऊन बघा. ते म्हणाले, बघेन. गाडीत येऊन तू खूश होतीस. मी विचारलं, मत देतील का, तर म्हणालीस, छे, पण बोलतात चांगलं.

आणि मग तो रविवार, आणि तो मंगळवार.

तुझ्यामागे पत्रकांचा गठ्ठा माझ्या गाडीत होता. मतपत्रिका लोकांच्या घरी पोचल्या होत्या. कॅरल म्हणाली, तू राहू दे, उजवी बाजू दुसरं कोणीतरी करेल. मीही आधी हो म्हटलं. पण शनिवारी पुलावर जायचं धाडस होत नव्हतं आणि घरात बसवत नव्हतं, म्हणून मी गाडी काढून त्या रस्त्याला गेले. पहिल्या दारात घंटी वाजवली आणि दार उघडलं, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतके दिवस तुझ्या मागे उभं राहून मी तुझं बोलणं ऐकत होते, मला ते पाठ असायला हवं होतं. त्या बाईनं मला पाणी हवं का विचारलं. मी पत्रक देऊन परत गाडीत येऊन बसले. कितीतरी वेळ बसले. रस्त्यावर एकही माणूस नव्हता, आपल्या या शहरांत नसतातच. सगळी दारं बंद, सगळ्या घरांपुढे गवत कापलेलं. तू शेजारी असताना मला हे कधी दिसलं नव्हतं. तेव्हा प्रत्येक दारामागे कोणीतरी होतं.

मग पुढच्या दाराला गेले. तिथे थोडं बोलले. त्याच्या पुढच्या दाराला आणखी थोडं. मला तुझ्यासारखं येत नव्हतं, अजूनही येत नाही. पण उजवी बाजू मी पूर्ण केली.

हॅन्सन आजोबांचं घर त्या रस्त्यावर नव्हतं, तरी मी तिकडे गेले. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या मागे बघितलं. दुसरी कुठे आहे, असं विचारलं. मी सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फार छोटं होतं. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मग आत गेले आणि मला वाटलं गेले ते गेले, पण चष्मा लावून परत आले. म्हणाले, की ते खरंच पूल बघायला गेले होते, छताखाली उभे राहून आले होते, आणि त्यांनी तुझ्यासाठी एक मुद्दा काढून ठेवला होता. तो त्यांनी मला सांगितला. तुळयांबद्दल काहीतरी होतं, मला त्यातलं अर्धंच समजलं. सांगून झाल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, माझ्याकडे याला उत्तर नाही.

“तिच्याकडे असतं,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, की मी अजून नाहीच म्हणणार आहे, तुला खोटी आशा नको. मी म्हटलं, मला माहीत आहे. निघताना त्यांनी तुझं नाव कसं म्हणायचं ते विचारलं आणि दोन-तीनदा म्हणून बघितलं. जवळपास बरोबर आलं.

माझी मतपत्रिका मी एकटीनं भरली. यशोधरेनंही भरली. अठराची झाल्यावर तिचं हे पहिलंच मत. तुझ्या जाण्यानंतर ती काही आठवडे घरीच होती. तुझ्या मिलिंदनं मला सांगितलं, की तिनं पुलाचा तेवढा एक गोल भरला, बाकी सगळं कोरं ठेवलं आणि लिफाफा बंद केला. तो म्हणाला, अगं, बाकीचं पण महत्त्वाचं असतं. ती म्हणाली, “Not today, Baba.”

आपल्याकडे मोजणी कित्येक दिवस चालते, टपालानं मतं येत राहतात. रोज संध्याकाळी आकडा बदलायचा. साठच्या खाली, जरा वर, परत खाली. शेवटी कॅरलचा फोन आला तेव्हा मी इंडियन ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबीर निवडत होते. ती रडत होती, त्यामुळे मला आधी वाटलं हरलो. जिंकलो होतो, सुजाता. अगदी थोडक्यात. मी फोन ठेवला आणि हातात जुडी घेऊन तशीच उभी राहिले. दुकानात माणसं होती, हिंदी गाणं चालू होतं, माझ्या शेजारी एक बाई भेंडी मोडून बघत होती. मला ही बातमी मराठीत सांगायची होती आणि कोणाला सांगावी ते सुचेना.

मी मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, “अच्छा. बरं झालं.” मग म्हणाला, “थांब, सुजाताला सांगतो.” दुकानातलं गाणं त्याला फोनमधून ऐकू जात असणार.

जिंकल्यामुळे काय झालं तेही तुला सांगते. पूल बंद झालाय. आपण दोघींनी हा विचारच केला नव्हता. नवा बॉयलर, नवं छत म्हणजे सगळं उकलणार, निदान वर्षभर काम चालणार. हरलो असतो तर बंद झाला असता आणि जिंकलो म्हणूनही बंद झाला. माझे शनिवार परत माझ्याकडे आले आहेत. कॅरल म्हणते, शेजारच्या गावात एक पूल आहे, तिथे जाऊ. जाईन कदाचित.

पुलाच्या शेवटच्या शनिवारी यशोधरेचा फोन आला. नाताळच्या सुट्टीला घरी आली होती. “वैशाली मावशी, will you go with me?” एवढंच म्हणाली. मी तिला घेऊन गेले. तुला माहीतच आहे ती कशी पोहते. लहानपणापासून त्याच पुलात वाढलेली, पाण्यात गेली की तिला मणकेच नाहीत असं वाटतं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिली आणि मी बाकावर टॉवेल घेऊन बसले. मी पाण्यात उतरले नाही. चिनी आज्या होत्या, त्यांनी मला हात केला.

बऱ्याच वेळानं ती वर आली, टॉवेल घेतला आणि माझ्या शेजारी बसली. पाणी निथळत होतं. तिनं समोर बघतच इंग्रजीत विचारलं, आई शेवटी चांगलं पोहायला शिकली होती का?

गेल्या दोन-अडीच महिन्यांत तुझ्याबद्दल कोणी काही विचारलं, की मी चांगलंच सांगत आले होते. पण तिच्याकडे बघून मला खोटं बोलवेना.

“नाही,” मी म्हटलं. “भयंकर पोहायची.”

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. आणि ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही. म्हणाली, की सगळे तिला सांगतात आई किती ग्रेट होती, किती ब्रेव्ह होती. माझ्या ओळखीची आई कोणाला माहीतच नाही असं वाटायला लागलं होतं, असं ती म्हणाली.

मग आम्ही तिथेच बसून तुझी उणीदुणी काढली, सुजाता. पायात पेटके आले असं खोटंच सांगून तू अर्ध्यातून कशी थांबायचीस. फ्रीवेवर लेन बदलताना कशी मागे न बघता हात दाखवायचीस. लोकांचे डबे कसे परत द्यायची नाहीस आणि आपला एक गेला तर कशी महिनाभर बोलायचीस. यशोधरा इंग्रजीत सांगत होती, मी मराठीत, आणि दोघींनाही सगळं कळत होतं. तिनं सांगितलेलं निम्मं मला माहीत नव्हतं आणि मी सांगितलेलं निम्मं तिला. यातल्या एकाही गोष्टीला तू कबूल झाली नसतीस. प्रत्येकीवर भांडली असतीस, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देता.

त्यामुळे असेल, पण प्रत्येक वाक्य संपलं की आम्ही दोघी जरा थांबत होतो.